दहा यंत्रांचा अंदाज

अलकनंदा फरिदाबादच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं खर्चाचे अंदाज काढत होती. या वेळचं काम तिला मनापासून आवडलं होतं. माणसाला मॅनहोलमध्ये उतरावं लागू नये म्हणून गुरुग्रामच्या एका कंपनीने गटार उपसायचं यंत्र तयार केलं होतं. चाचणीसाठी त्यांना दहा नग हवे होते. दहाच नग, म्हणून साच्यांचा नऊ लाखांचा खर्च त्या दहांवरच पडत होता. एक यंत्र चार लाख बासष्ट हजारांना जात होतं. कंपनीला चार लाखांत हवं होतं.

कारखान्याचे मालक उल्हास तिला घेऊन कंपनीच्या ऑफिसात गेले. चौदाव्या मजल्यावर मेहरोत्रा नावाचा मॅनेजर काजू खात बसला होता. पत्रा पातळ करून चोवीस हजार सुटले. राहिले अडतीस.

"ये गॅस सेन्सर कितने का है?" मेहरोत्राने विचारलं.

"अडतीस हजार, तपासणीसकट. खाली विषारी वायू असला की तोच सांगतो," अलकनंदाने हिंदीत सांगितलं.

"तो हटा दो. डिब्बा लगाओ, हरी बत्ती जलती रहे. डेमो ही तो है."

"डेमो कुठे होणार आहे?"

"असली मैनहोल में. पाइप अटक गया तो कोई उतरके निकाल देगा. वो लोग तो वैसे भी उतरते हैं." त्याने बशी उल्हासकडे सरकवली. उल्हासनी दोन काजू घेतले आणि मान हलवली.

अलकनंदाने कागदाकडे पाहिलं. सेन्सरच्या ओळीवर रेघ मारलेली होती. ती तिनेच मारली होती. आकडा वजा करायला सांगितला की हात चालायचा, तसा तो चालला होता. त्या माणसाची किळस आली, उल्हासच्या चघळणाऱ्या तोंडाची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताची.

तो कागद मेहरोत्राने ठेवून घेतला. परतताना गाडीत उल्हास म्हणाले, "अलकाताई, मनाला लावून घेऊ नका यार. आपण नाही केलं तर दुसरा कुणी करेल."

"मग दुसऱ्यालाच करू द्या."

"उद्या सकाळी मला चार लाखांचा कागद हवाय."

सकाळी तिने चार लाख बासष्ट हजारांचाच कागद दिला. उल्हासनी तो न वाचता फाडला आणि नवा बळवंतकडून करून घेतला. बळवंत तिच्याच हाताखाली शिकलेला. त्याने सेन्सरच्या जागी 'हिरवा दिवा, एकशे चाळीस रुपये' असं लिहिलं आणि दिवसभर तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या दुपारी अलकनंदाने राजीनामा टाइप करून दिला. दुसरं पत्र यंत्र घेणाऱ्या सरकारी खात्याला लिहिलं. आपल्या अंदाजाची प्रत जोडली, खाली नाव आणि फोन नंबर घातला.

पाच आठवड्यांनी खात्यातून एका बाईंचा फोन आला. दहापैकी एक यंत्र त्यांनी उघडून पाहिलं होतं. डेमो थांबवला होता. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, कंपनी म्हणते, सेन्सर काढायची सूचना तुमच्याच कारखान्याने दिली. त्यांच्याकडे एक कागद आहे, सेन्सरच्या ओळीवर पेनने रेघ मारलेला. अक्षर तुमचं आहे का?"

"रेघ माझीच आहे," अलकनंदा म्हणाली. "का मारली तेही सांगते. लिहून घ्या."