सावकाश जळणारी पावडर

"अहो, ह्यात मोहरी कुठून आली?" चहाचा कप कामाच्या बाकावर ठेवता ठेवता मी विचारलं.

"मोहरी काय, पावडर आहे ती," शशिकांत मान वर न करता म्हणाले. "तीस वर्षं बघत्येस."

तीस वर्षं बघत होते, म्हणून तर विचारलं. कार्डिफच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये शशिकांत रायफलची काडतुसं स्वतःच्या हाताने भरतात. लोकांचे नवरे रिटायर झाले की टोमॅटो लावतात, माझ्या नशिबी हे. सांगलीला कॉलेजात एनसीसीत बंदूक हातात आली, ती काही सुटली नाही. इथे हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर औषधं तोलायची आणि घरी आलं की शेडमध्ये बंदुकीच्या दारूची पावडर तोलत बसायचं, असं आयुष्य गेलं.

त्यांची मॅग्नम रायफल लांबच्या नेमबाजीची, हजार यार्डांवरची. तिचं काडतूस मोठं, त्याला सावकाश जळणारीच पावडर लागते. ती जळत जळत गोळीला नळीभर ढकलत नेते. झटकन जळणारी पावडर लहान रायफलची. ती मॅग्नममध्ये भरली तर गोळी हलायच्या आत सगळा जोर मागे येतो, आणि मागे माणसाचं तोंड असतं. हे मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. बरं, सावकाश जळणाऱ्यांतही पुन्हा प्रकार. जानेवारीच्या गारठ्यात आणि जुलैच्या उन्हात सारखीच वागेल अशी एक निवडायला ह्या माणसाला आठ महिने लागले. मला बघायला आले तेव्हा दहा मिनिटांत होकार दिला होता. वर्षातून एकदा तरी मी हे त्यांना ऐकवतेच.

त्यांचा एक नियम होता. बाकावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मापात उरलेली पावडर त्याच डब्यात परत ओतायची, झाकण लावायचं, डबा कपाटात, मगच दुसरा काढायचा. आज बाकावर दोन्ही डबे उघडे होते. सावकाश पावडरीचे दाणे जिऱ्यासारखे लांबट, झटपट पावडरीचे मोहरीसारखे बारीक गोल. आणि जिऱ्याच्या डब्यात गोल दाणे मिसळलेले मला स्पष्ट दिसत होते. उरलेली पावडर केव्हातरी चुकीच्या डब्यात ओतली गेली होती.

मी चमचाभर कागदावर काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी बोटाने दाणे सरकवून पाहिले.

"तशीच असते ती," म्हणाले.

बत्तीस वर्षांत फार्मसीत ज्यांच्या हातून एक गोळी इकडची तिकडे झाली नाही, ते हे म्हणत होते.

"रीसची ह्याच डब्यातून भरलीत का?"

रीस म्हणजे त्यांचा नेमबाजीच्या क्लबातला मित्र, बस चालवायचा. संधिवाताने त्याची बोटं आखडली आहेत, म्हणून दोन वर्षं त्याच्या मॅग्नमची काडतुसं शशिकांतच भरून देतात. रविवारी त्याची मॅच होती. आज गुरुवार. मंगळवारीच तो चाळीस काडतुसं घेऊन गेला होता.

"आठवत नाही गं," शशिकांत म्हणाले.

दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा ते आमच्याच रस्त्यावर आमचं घर चुकले. मी जन्मभर नर्सचं काम केलेलं, मला काय ते कळलं होतं. पण जीपीला, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरला, सांगायचं म्हणजे ते पोलिसांना कळवणार, पोलीस बंदुकीचं सर्टिफिकेट रद्द करणार, रायफली घेऊन जाणार. "मधू, एवढं एक राहू दे," असं शशिकांत म्हणाले आणि मी राहू दिलं. माझ्या वॉर्डातल्या एखादीने असलं काही लपवलं असतं, तर मी तिला उभी सोलली असती. स्वतःच्या घरात मात्र अठरा महिने तोंड शिवून बसले. लाज वाटते मला त्याची.

मी फोन उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"मी भरलीत, मीच सांगतो," म्हणाले. मग इंग्रजीत, अगदी फार्मसीतल्या आवाजात, "रीस, मंगळवारची काडतुसं वापरू नकोस. एकही नाही. माय मिस्टेक. सगळी घेऊन ये."

अर्ध्या तासात रीस आला. शशीच्या हातून चूक होणं शक्य नाही, ही दोन चहा जास्त प्यायल्याची काळजी आहे, असं तो मला हसत सांगत होता. मी हसले नाही.

काडतूस प्लॅस्टिकच्या हातोडीत अडकवून आपटलं की गोळी सुटते आणि पावडर आतल्या पोकळीत पडते. शशिकांत आपटत होते, मी पावडर ताटात ओतून बोटाने पसरत होते. पहिल्या दहांत नुसते लांबट दाणे.

"बघ," शशिकांत म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झालेला पाहिला. मलाही वाटलं, उगाच घाबरले, देवा, उगाचच ठरू दे. अकरावं स्वच्छ निघालं, बारावंही. तेराव्यात गोल दाणे होते. चौदाव्यात निम्म्याहून जास्त.

रीस ताटाकडे बघत राहिला आणि त्याने आपल्या गालावरून हात फिरवला. शशिकांतनी पंधरावं उचललं. चाळीसच्या चाळीस फोडूनच ते थांबले. निघताना रीसने त्यांना मिठी मारली, ते हात खाली सोडून उभे होते.

"पोलिसांचा नंबर लावून दे," तो गेल्यावर ते मला म्हणाले.

"उद्या बघू. जरा बसा तरी."

"उद्या मी नाही म्हणेन, मधू. आणि मला वाटेल, माझंच बरोबर आहे."

मी नंबर लावला, ते स्वतः बोलले. मग एका कागदावर लिहिलं, "रायफली न्यायला पोलिसांना मीच बोलावलं आहे. मधूचा ह्यात काही संबंध नाही." खाली तारीख, वेळ, सही. कागद माझ्या हातात दिला. "मी भांडायला लागलो की दाखव मला हा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची गाडी आली. एक बाई आणि एक तरुण पोलीस. दार शशिकांतनीच उघडलं. त्या बाईने रायफलींचं नाव काढल्याबरोबर ते माझ्याकडे वळले.

"ह्यांना कुणी बोलावलं?"

कागद माझ्या कार्डिगनच्या खिशात होता. काढला की मी सुटले. पण स्वतःच्या अक्षरात स्वतःचा निर्णय वाचल्यावर ह्यांना कळणार होतं की कालचा अख्खा दिवस गेला. तेरावं काडतूस गेलं, रीसची मिठी गेली, स्वतः केलेला फोनसुद्धा गेला. माझ्यावर चिडून हा माणूस निदान उभा राहील, ते वाचून राहिला नसता. आणि मग रोजच असा एकेक कागद दाखवायचा का त्यांना?

"सर, काल तुम्हीच आम्हाला..." पोलीस बाई सुरू झाली.

"मी," मी मध्येच म्हणाले. "मी बोलावलं."

बाईने माझ्याकडे पाहिलं आणि हातातले कागद चाळायला लागली. समजूतदार होती.

"तू असं करशील असं कधी वाटलं नव्हतं," शशिकांत मराठीत म्हणाले. परक्यांसमोर आवाज चढवला नाही. आत गेले, किल्ली आणली, भिंतीतलं लोखंडी कपाट उघडलं. प्रत्येक रायफल रिकामी आहे हे आधी स्वतः पाहिलं, मग त्या तरुण पोलिसाला दाखवलं, मगच त्याच्या हातात दिली. चार रायफली. त्यात त्यांच्या हातून कुठेही चूक झाली नाही.

पोलीस बाईने पावती टेबलावर ठेवली. मी पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही, त्या बाईकडे मागितलं.