डाव्या बुटाची साक्ष

मी डावा. उज्ज्वलाताईंच्या जोडीतला डावा बूट. उजवा माझा सख्खा भाऊ, पण तो अबोल, म्हणून दोघांचंही मीच सांगतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही, तळ चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास तेवढा आठवतो. डोंगरात घसरू नये म्हणून आमच्या तळाला रबराचे दात दिलेले. संभाजीनगरच्या दुकानात ताईंनी आम्हाला घालून दोन उड्या मारल्या आणि म्हणाल्या, "हेच द्या."

ताई धारूरच्या शाळेत गणित शिकवतात. वय छत्तीस. डिसेंबरातल्या पन्नास किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत त्यांनी नाव नोंदवलं होतं. रोज उजाडताच आम्ही किल्ल्यामागच्या डोंगरात. सोबत राधाकिशनकाका, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते सावकाश पळत आणि वाटेतल्या प्रत्येक गुराख्याशी बोलत.

मुरूम, काटे, ओढ्यातले गोटे, सगळं मी सोसलं. आनंदानं सोसलं. पण दिवाळीनंतर ताईंना घाई झाली. आठवड्याला पंचवीस किलोमीटर पळणारी बाई महिन्याभरात पन्नासवर गेली. शाळेत कुणीतरी म्हणालं होतं, "मॅडम, पन्नास किलोमीटर आपली गाडीसुद्धा थकते." ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

एका सकाळी उतारावर ताईंचा पाय माझ्यात कचरला. क्षणभरच. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तर त्या माझ्यावर भारच टाकेनात. सगळं ओझं बिचाऱ्या उजव्यावर.

काकांनी विचारलं, "ताई, लंगडायलीस कावून?"

"काही नाही, पाय भरून आलाय."

"आठ दिस झाले, पाय भरूनच हाय का?"

ताई हसल्या आणि पुढं निघाल्या. माझ्या आत मात्र त्यांनी बोटं घट्ट आवळली होती. घरी त्या नडगीला मलम चोळत, गोळी घेत आणि कॅलेंडरवरचे शर्यतीपर्यंतचे दिवस मोजत. मला सगळं कळत होतं, पण मी पडलो बूट.

शर्यत दहा दिवसांवर आली तेव्हा त्यांना शाळेचा जिनाही उतरवेना. काकांनी गाडीत बसवून त्यांना अंबाजोगाईला नेलं. फिजिओथेरपिस्ट आरजू मॅडम वयानं लहान, पण नजर तिखट.

"किती दिवसांपासून दुखतंय?"

"झाले असतील चार-पाच दिवस," ताई म्हणाल्या.

आरजू मॅडमनी आम्हा दोघांना उचललं, उलटं करून खिडकीपाशी नेलं. उजव्याच्या टाचेचे दात पार घासून गेले होते. माझे अजून धड होते.

"मॅडम, हे चार दिवसांत होत नाही. तुम्ही महिनाभर तरी लंगडताय."

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सांगितलं असतं तर तुम्ही पळू नका म्हणाला असतात."

"हो, म्हणाले असते. दोन आठवडे. आता हाडाचा फोटो काढून बघू."

नडगीच्या हाडाला बारीक भेग निघाली. आठ आठवडे पळणं बंद. तशाच पळाल्या असत्या तर हाड पुरतं मोडलं असतं.

बाहेर येऊन ताईंनी शर्यतवाल्यांना फोन केला आणि नाव काढून घेतलं. तेव्हा काका अवघडून म्हणाले, "ताई, खरं सांगू का? माझी बी टाच दुखायलीय. तीन महिने झाले. तुला कळलं तर पळू द्यायची न्हाईस, म्हणून बोललो न्हाई."

ताई रडता रडता हसल्या. काकांचा हात धरून त्यांनी त्यांना पुन्हा आरजू मॅडमसमोर नेऊन बसवलं.

आठ आठवडे मी दारामागे धूळ खात होतो. मग एका सकाळी ताईंनी मला झटकून पायात घातलं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. शेजारच्या पोरी हसल्या. ताईंना त्याचं काही नव्हतं. माझ्यावर पुन्हा पूर्ण भार पडला तेव्हा मला काय वाटलं, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या डिसेंबरात ताई शर्यतीला गेल्या, पण नव्या बुटांत. आमचे तळ तोवर झिजून गुळगुळीत झाले होते. नऊ तास अठ्ठावीस मिनिटं लागली. परत आल्या त्या चप्पल घालून, सुजल्या पावलांनी. काका दारातच वाट बघत होते.

"कुठं दुखायलंय? खरं सांग."

"दोन्ही पाय दुखायलेत काका, पण अगदी सारखे!"

आता मी अंगणात असतो. झाडांना पाणी घालताना ताई मला घालतात. चिखल लागतो, ऊन लागतं. माझी तक्रार नाही.

तुम्ही पळणारे असाल तर एवढं ऐका. दुखलं की पहिल्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आम्हा बुटांना तोंड नसतं. तुम्हाला आहे.