खिडकीची कडी

शुक्रवारी सकाळी, पोलीस ठाण्याच्या पहिल्या मजल्यावरील चौकशीच्या खोलीत, खून झालेल्या शिंप्याचा जावई पुन्हा एकदा ढसाढसा रडला. शिंप्याच्या खोलीच्या दाराचे कुलूप शाबूत होते, त्याची दुसरी किल्ली जावयाकडे होती आणि खोलीच्या एकुलत्या एक खिडकीला आतून कडी होती. तेव्हा गुन्हेगार तोच, असे थोरल्या साहेबांनी ठरवूनच टाकले होते. प्रयोगशाळेतून नुकतीच त्यांच्या जोडीला आलेली तपासनीस आतल्या आत धुमसत होती, पण त्या कडीपुढे तिचे काही चालत नव्हते.

“भिंगातून माणूस दिसत नाही, बाई,” साहेब म्हणाले. बोलता बोलताच ते उठले, खिडकी ओढून त्यांनी कडी घातली आणि मफलर सावरत परत खुर्चीत बसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“साहेब, शिंप्याच्या खोलीत माझ्याआधी तुम्ही शिरलात. तिथली खिडकी कोणी लावली?”

“अहो, वारा झोंबत होता, म्हणून मी...” बोलता बोलता साहेबांची नजर आत्ताच घातलेल्या कडीकडे गेली.

“तुमच्या सर्दीपायी या बिचाऱ्याच्या गळ्याला फास लागत होता! जनाची नाही, निदान मनाची तरी ठेवा!”

साहेबांनी हवालदाराला हाक मारली.

“कडी मी घातली होती. याला सोडा.”