झाकून ठेवलेलं ताट

थर्मनला हल्ली कुठे काय बोलावं याचं भान राहिलं नाही, असं ओझेलाचं ठाम मत झालं होतं. पोटचा पोरगा, नगरपालिकेत निवडून आलेला, आणि चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत म्हणतो काय, तर रंग बघून जागा देणं हाही वर्णद्वेषच.

जागा कसल्या, तर पोहण्याच्या नव्या तलावावरच्या जीवरक्षकांच्या प्रशिक्षणाच्या. काही काळ्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या. त्या रद्द करायच्या का, यावर उद्या मतदान होतं आणि सगळं थर्मनच्या एका मतावर अडलं होतं. त्याच्या पुतणीला, केझायाला, त्यातलीच एक हवी होती.

ओझेलाला सकाळपासून चैन नव्हतं. पुसलेला ओटा तिने पुन्हा पुसला. काळ्यांनाही पाण्यात उतरू द्या, असं कोर्टाने सांगितलं तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या गावाने जुना तलाव सिमेंट ओतून बुजवला होता. गोऱ्यांनी मग पोहायला आपापले खासगी क्लब काढले. या घरात केझायाआधी कोणी पोहायला शिकलंच नाही.

थर्मन उशिरा आला. रविवारी जो कामात अडकेल त्याचं ताट ओझेला आधीच वाढून, चंदेरी कागदाने झाकून ठेवायची. नवरा कागदाच्या गिरणीत पाळीवर जायचा, तेव्हापासूनची रीत. आज शेगडीवर रिकामी भांडी होती.

"आई, माझं ताट?"

"आज सगळ्यांना एकच नियम. आधी आला तो जेवला. दार उघडंच होतं, मी काही कोणाला अडवलं नाही."

"अगं, मी बैठकीत अडकलो होतो."

"मग अडकलेल्याचं ताट ठेवावं म्हणतोस?"

थर्मन खुर्चीत बसला. "टोमणा कळला. पण कॉलेजात गेलो तेव्हापासून ऐकतोय मी, हा रंगामुळे आत आला, लायकीवर नाही. या पोरीनेही तेच ऐकायचं?"

"ऐकेन की, काका," भांडी घासता घासता केझाया म्हणाली. "तसंही माझ्या कानात पाणीच असेल."

ओझेलाने मक्याच्या पावाचा कडेचा उरलेला तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"तुला टोचून खाल्लं लोकांनी, ते मी पाहिलंय. पण रंग दिसणं म्हणजे वर्णद्वेष नव्हे रे. रंग बघून तलाव बुजवला, तो वर्णद्वेष. आणि आता तो उकरायची वेळ आली, तर तू म्हणतोस, रंगाचं नाव काढू नका. तू लोकांच्या बोलण्याला भितोस, थर्मन. भ्यायचं तर भी. पण माझ्या घरात बसून त्याला तत्त्व म्हणू नकोस."