दुधी गिटारवरची हळद

कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मुंबईकरानं वाद्यांचं संग्रहालय काढलं आहे. खालापूरच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मला काही काम उरलं नव्हतं, म्हणून तिथल्या वाद्यांची माहिती मराठीत लिहून द्यायला मी जातो. मला स्वतःला एकही वाद्य वाजवता येत नाही. पुस्तकातलं वाचून लिहितो, आणि लिहिलेलं बरोबर आहे ना, या शंकेनं घरी येऊन पुन्हा वाचत बसतो.

मागच्या महिन्यात तिथे जगदीशची गिटार आली.

शेलूचा जगदीश म्हणजे आमच्या तरुणपणी या भागातल्या हळदींची शान. बेंजो वाजवणाऱ्या पार्ट्या पुष्कळ होत्या, पण इलेक्ट्रिक गिटार त्याच्या एकट्याकडे. टेंपोत बॅटरी आणि भोंगा ठेवून तो लांब केस उडवत उभ्यानं वाजवायचा. माझ्या लग्नातही तोच होता. आमच्याकडे नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद वाजतगाजत नवरीच्या घरी नेतात. नवरा मात्र घरीच राहतो. माझी हळद घेऊन टेंपो भिवपुरीला गेला आणि मी पिवळ्या अंगानं ओटीवर पुस्तक उघडून बसलो. तिकडे काय झालं, मला माहीत नाही. माझी बायको नंदा मात्र अजूनही भाकरी थापताना त्या दिवसाची एक चाल गुणगुणते. इतक्या वर्षांत मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय?

संग्रहालय सांभाळणाऱ्या समिधानं मला गिटारजवळ बोलावलं. "काका, हे बघा. पार्टीच्या नावाचा कागद चिकटवला होता, तो काढला तर खाली हे निघालं."

दुधी रंगावर तीन बोटांचे पिवळे फराटे होते. बोटं बारीक होती.

"जगदीशकाका म्हणाले, भिवपुरीच्या एका नवरीनं लावलेली हळद आहे. पुसवेना, म्हणून त्यांनी वर कागद लावला. आमचे साहेब म्हणतात, पॉलिश करून टाका. तुम्ही सांगा, ठेवू की पुसू?"

पुसवेना. पुस असं तिथल्या तिथे सांगावं, असं मनात आलं. एका शब्दाचं काम होतं. पण मग मला कधीच कळलं नसतं. भिवपुरीत तेव्हा काय एकाच मुलीचं लग्न झालं असेल?

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी नंदाला बरोबर घेऊन गेलो. ती तिथे कधी आली नव्हती. मीच कधी चल म्हटलं नव्हतं. समिधानं काचेची पेटी उघडली. नंदानं चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि हसली.

"अगं बाई, ही अजून हाय? माजीच बोटं ही."

तिनं आपली बोटं त्या फराट्यांवर धरून पाहिली. आता ती सुजलेली, जाड झाली आहेत, बसेनात.

"त्याच्या गिटारला कशाला लावलीस हळद?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा.

"मंग काय त्याच्या गालाला लावू?"

समिधा तोंड फिरवून हसली. माझे कान तापले.

"सरळ सांग की."

"अवो, तुमच्या अंगची हळद आली व्हती. तुमाला तर मी धड बघितलं बी नव्हतं. मला बघायला आलात तवा मान खाली घालून पोहे खात व्हतात." ती समिधाकडे वळली. "एक शब्द बोलतील तर शपथ." मग पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाली, "ती हळद हातात आली, आन् हा समोर असा वाजवत व्हता. आनंद झाला मला. तुमी नव्हता तिथं. मंग कुनाला लावू?"

हे ऐकून माझं मन शांत व्हायला हवं होतं. दुसरा कोणी असता तर झालंही असतं. पण माझ्या मनात वेगळंच आलं. माझ्यामुळे एका मुलीला इतका आनंद झाला होता आणि तो जगदीशनं समोर उभं राहून पाहिला. मी नाही. आतापर्यंत मी त्याच्या गिटारचा, त्याच्या केसांचा, त्याच्या भोंग्याचा हेवा करत होतो. आज पहिल्यांदा मला त्याच्या डोळ्यांचा हेवा वाटला.

"पुसू नकोस," मी समिधाला म्हणालो.

परतताना रिक्षात नंदा तीच चाल गुणगुणायला लागली. मी विचारलं, "तेव्हा तू कशी हसली होतीस?"

"आता मला कसं दिसनार ते? मी काय आरसा घेऊन उभी व्हते?" ती म्हणाली. "जगदीशला विचारा जाऊन. त्यानं बघितलंय."

शेलू काही लांब नाही. पण मी जाणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.