निळीनं गाठ जात नाही

ऐका तर मित्रांनो, मध्ये कुणी बोलू नका, माझं डोकं आधीच भंजाळलंय! मी एक जुनी योगाची मॅट आहे. निळी, टाचांपाशी विटलेली. कारखान्यातून गुंडाळी होऊन निघाले ती थेट या दवाखान्यात. तळमजल्यावर आमचा हॉल, तिसऱ्या मजल्यावर किमो. डॉक्टरच पेशंटना खाली धाडतात. औषधाच्या जोडीला जरा श्वास, जरा हातपाय, म्हणजे थकवा हटतो, झोप लागते.

तिथं आली शिवणवाली ताई. छातीत गाठ, तीही झपाट्यानं वाढणारी. पहिल्या दिवशी माझ्यावर पडून नुसती रडली. मग हळूहळू झोपू लागली, दोन घास खाऊ लागली. म्हणायची, "ह्या निळीनं मला उठवलं!" झालं, मी चढले हरभऱ्याच्या झाडावर.

चौथ्या किमोच्या दिवशी ताई वर गेलीच नाही. सरळ खाली आली नि मला पसरू लागली.

योगाच्या बाई म्हणाल्या, "अहो, आज वर नंबर ना तुमचा?"

"आता नाही जाणार. गाठ लहान लागतेय हाताला."

"कशानं झाली लहान?"

"ह्या निळीनं!"

"निळीनं झोप येते हो. गाठ नाही जात, ती वरच्या किमोच्या सुईनं लहान होतेय."

"त्या सुईनंतर जीव नकोसा होतो, बाई. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही."

"मग तसं वर सांगा, उलटीचं औषध बदलून देतील. पण चुकवू नका." बाईंनी मला ओढलं, गुंडाळलं, काखेत मारलं. "सुई घेऊन या, मग देते."

"तुम्हीही त्या वरच्या डॉक्टरांतल्याच!" ताई पाय आपटत निघाली. गेटकडे की लिफ्टकडे? काखेतून मला काही दिसेना! बाईंनी मला आणखी घट्ट दाबलं. आणि मग, लिफ्टचं दार वाजलं.

दुपार कलल्यावर ताई परत आली. हाताला पट्टी. बाईंनी मला पुढं केलं, तर तिनं पाठ फिरवली.

आता एकही किमो चुकवत नाही. खालीही येते, पण हिरवी मॅट घेते. मी कोपऱ्यात उभी. मित्रांनो, आम्हाला जपा, पुसा, वाळवा, पण औषधाचं ओझं आमच्यावर टाकू नका. हे मला पटतं, तरी जीव चुटपुटतो. त्या दिवशी तिचा जीव नकोसा झाला होता हो, आणि तिला मीच हवी होते. बाईंच्या जागी तुम्ही असता, तर दिलं असतं का मला तिच्या हातात?