माझ्या तोंडी घातलेला घास

मित्रांनो, मी एक जुना खड्डा आहे. खड्ड्याची कहाणी कोण ऐकणार, असे मला नेहमी वाटते. तरी सांगून पाहतो.

आंदीजच्या उंच पठारावर, गुमेर्सिंदोच्या मातीच्या घराखाली मी राहतो. इथे विजेची तार नाही. दुपारी ऊन चटके देते आणि सूर्य मावळला की बादलीतले पाणी गोठते. गुमेर्सिंदोची मुलगी निएवेस जन्मापासून छातीने नाजूक. चूल पेटवली की धुराने तिला धाप लागे, विझवली की थंडीने. म्हणून बापाने मला खणले.

माझ्या पोटात भरायचे गोटे धुवायला सगळी वाडी नदीवर आली होती. मातीचा कण राहिला तर कुबट वास येईल, असे गुमेर्सिंदो सारखा बजावत होता.

"दगडांना आंघोळ घालतोस," शेजारचा कासिमिरो म्हणाला, "स्वतः कधी केली होतीस रे?"

सगळे हसले. मला तो दिवस फार आवडला होता.

छपरावर काचेखाली काळा पत्रा बसवला. तिथली तापलेली हवा उन्हावर चालणारा पंखा नळीने माझ्या पोटात ढकलायचा. दिवसभर गोटे तापत, आणि रात्री जमिनीतल्या जाळीतून ती ऊब मी खोलीत सोडायचो. उन्हाळ्यात रात्रीचा गारवा साठवून दुपारी द्यायचो. पहिल्याच हिवाळ्यात निएवेस सलग झोपू लागली. शेजारणी जाळीवर बसून गप्पा मारत. "उठा गं, आमच्यापण पाठीला जरा लागू दे!" असे भांडणही होई. मी संकोचायचो, पण खोटे कशाला सांगू, सुखावायचोही.

मग ऑगस्ट आला. ऑगस्टमध्ये इथे जमीन भुकेली असते. अंगणात खड्डा उघडून पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, जेवू घालतात. गुमेर्सिंदोची आई साबिना त्या दिवशी मांसाचे वाडगे आणि मक्याच्या दारूचा घडा घेऊन घरात आली आणि जाळी उचलू लागली.

"आई, यात नको! अंगणातला खड्डा वेगळा."

"वेगळा कसा? तोंड आहे म्हणजे भूक पण असणारच. पोरीला ऊब देतोय बिचारा, आणि तू त्याला उपाशी ठेवतोस?"

गुमेर्सिंदो हसला. त्याने स्वतःच वाडगे आणि घडा माझ्यात रिकामे केले.

मला बोलता येत नाही, मित्रांनो. आले असते तरी मी नको म्हटले असते का, कोण जाणे. इतक्या प्रेमाने मला आजवर कोणी भरवले नव्हते.

गरम गोट्यांवर ते सारे सडले. ऊब वर चढे ती घाण वास घेऊन. निएवेसला पुन्हा खोकला लागला. तिची आई एलेउतेरिया नाकाला शालीचे टोक लावून उभी राहिली. "अहो, खाली काय मेलंय? तुम्ही बांधलंय, तुम्हीच सांगा!"

गुमेर्सिंदोला ठाऊक होते. साबिनालाही ठाऊक होते. वरचे गोटे काढून स्वच्छ केले असते तर भागले असते. त्याने आईकडे पाहिले. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

"दगडच वाईट निघाले," तो म्हणाला.

हे वाक्य मी कितीदा मनात उलटून पाहिले. आईची लाज राखायची होती, तर दोष कोणावर तरी टाकायला हवाच होता. कदाचित त्याच्या जागी मीही तेच केले असते. पण मला तसे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने नळी उपसली आणि जाळीवर चिखलाचा थर दिला. हात त्याचेच होते, मला खणणारे.

आता पुन्हा हिवाळा आहे. छपरावरचा पत्रा रोज तापतो आणि रोज उगीचच निवतो. खोलीत शेणी जळतात. धूर खाली पोहोचत नाही, खोकला पोहोचतो.

मित्रांनो, एखादी वस्तू बिघडली तर तिला नावे ठेवण्याआधी तिच्यात काय घातले गेले ते विचारा. आणि ते तुम्हाला माहीत असेल, तर कृपा करून गप्प बसू नका. माझे राहू द्या, मी दगडांचा आहे. वर ती पोर आहे.